शून्य मिनिटांचं पाणी

कमलाजींवर अन्याय झाला तो दोन हजार सहा साली, एप्रिलमधल्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी सात वाजता. जयपूरच्या सांगानेर बाजूला, नाल्याला लागून असलेल्या त्यांच्या कच्च्या बस्तीत रोज सातला पाण्याचा टँकर यायचा, तो त्या दिवशी आला नाही. मंगळवारीही आला नाही. बुधवारी आला आणि ड्रायव्हरने सांगितलं की आता तीन दिवसांतून एकदाच. मी आधी मोर्च्यांची पत्रकं लिहायची, त्या शिस्तीप्रमाणे अन्याय करणाऱ्यांची नावंही सांगायला हवीत. एक सरकारी कार्यालय, एक विद्यार्थी आणि मी. कार्यालयाने टँकर कमी केला. विद्यार्थ्याने भरलेल्या तक्त्याच्या आधारावर केला. आणि त्या तक्त्यातला प्रश्न मी लिहिला होता.

या अंकाच्या संपादकांनी मागितल्या होत्या कामाच्या आठवणी. माझं वय एकोणतीस. आईचं म्हणणं, "आतापासूनच काय आठवणी लिहून राहिली तू?" आम्ही मूळचे अमरावतीचे. बाबा विमा कंपनीत, त्यांच्या बदलीमुळे जयपूरला आलो, आणि आई पंधरा वर्षांनंतरही तिकडचंच बोलते. तिचं खरं आहे, पण जे काम मी सहा वर्षं केलं ते आता उरलेलं नाही. राजा पार्क नावाच्या बाजारपेठेतल्या ज्या दोन खोल्यांत ते चालायचं तिथे आता ब्यूटी पार्लर आहे. गेल्या महिन्यात मी जिना चढून गेले तर आतल्या मुलीने विचारलं, "फेशियल?" तेव्हा ठरवलं की लिहायचं.

काम काय होतं ते आधी सांगते, कारण सहा वर्षांत ते मला बाबांनासुद्धा नीट समजावता आलं नाही. नगररचना, समाजशास्त्र, वास्तुकला शिकणाऱ्या मुलांना शेवटच्या वर्षी प्रबंध लिहावा लागतो. त्यातल्या बऱ्याच जणांना दोन शहरांची तुलना करायची असते. तुलना भारदस्त वाटते, गाईडलाही आवडते. पण प्रश्न कसा शोधायचा, कोणाला विचारायचा, आलेलं उत्तर कसं मांडायचं, हे कॉलेजात कोणी शिकवत नाही. ते आम्ही शिकवायचो. आम्ही म्हणजे भार्गव सर आणि मी. सर निवृत्त नगररचनाकार, अस्सल जयपूरचे, चारदिवारीत, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरात वाढलेले. सदऱ्याच्या खिशात कायम एक लाल पेन्सिल. तिला टोक ते ब्लेडने काढायचे आणि ब्लेड चष्म्याच्या डबीत ठेवायचे.

मी त्यांच्याकडे लागले ती एका पत्रकामुळे. त्याआधी मी बस्त्यांमध्ये काम करणाऱ्या एका संघटनेची पत्रकं लिहायची. माझं हिंदी शाळेत घडलेलं, त्यामुळे शिव्या सोडून सगळं तडाखेबंद यायचं. सरांच्या हाती माझं एक पत्रक पडलं आणि त्यांनी ते कोणाबरोबर तरी परत पाठवलं. पानभर लाल पेन्सिलने चारच प्रश्न होते, जागोजागी: किसने? कब? कितना? कैसे पता? मी चिडून भांडायला गेले. सरांनी चहा मागवला, भांडण पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गुस्सा ठीक है आपका। गुस्से का पता-ठिकाना नहीं है।" पुढच्या सोमवारपासून मी तिथे कामाला.

पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडून काय काढून घेतलं त्याची यादी मोठी आहे. 'भयानक' गेलं, 'सर्वांनाच ठाऊक आहे' गेलं, उद्गारचिन्हं तर पहिल्या आठवड्यातच गेली. पण एक गोष्ट मीही त्यांना दिली. विद्यार्थ्यांच्या प्रबंधात सगळं आपोआप घडत असतं. घरं पाडण्यात येतात, पुरवठा कमी करण्यात येतो, जणू शहरात माणूसच राहत नाही. पत्रकात असं चालत नाही, तिथे कोणी पाडलं ते लिहावंच लागतं. मी मुलांच्या कच्च्या खर्ड्यावर अशा प्रत्येक वाक्यापुढे 'कोणी?' लिहायची. सरांनी दोन महिने पाहिलं आणि मग स्वतःही लिहायला लागले.

त्या खोल्या अजून डोळ्यांसमोर आहेत. खाली फोटोकॉपीचं दुकान, त्यामुळे जिन्यात सतत गरम कागदाचा वास. उन्हाळ्यात कूलर लावला की भरलेले फॉर्म खोलीभर उडायचे, म्हणून सरांनी वेगवेगळ्या खाणींचे दगड आणून ठेवले होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या गठ्ठ्यावर एक दगड. "करौलीवाला गठ्ठा देना," असं म्हटलं की कोणाचा ते कळायचं. अकराच्या सुमारास कचोऱ्या यायच्या आणि त्या रद्द झालेल्या खर्ड्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर खाल्ल्या जायच्या. नापास झालेलं पान तेलाने पारदर्शक झालेलं बघायला मुलांना मजा वाटायची.

आणि काय एकेक गिऱ्हाइकं. एका मुलाला जयपूर आणि पॅरिसची तुलना करायची होती, दोन महिन्यांत, पॅरिसला न जाता. का, तर दोन्ही शहरांना रंगाचं किंवा उजेडाचं टोपणनाव आहे. सर त्याला गंभीरपणे म्हणाले की मग जयपूरचा अर्धा भाग तरी पायी बघून ये, पॅरिसचं नंतर बघू. तो परत आला नाही. एका मुलीची आई यायची, दर आठवड्याला, मुलगी नाही. तिचा एकच प्रश्न: पानं किती झाली?

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो फुटपाथवाला. राजा पार्क आणि पुण्यातला एक बाजार, दोन्हीकडे चालायला किती जागा उरते, असा त्याचा विषय. चांगला होता, पायाला पेलेल एवढा होता. हा सकाळी दहाला मोजपट्टी आणि वही घेऊन, पांढरा शर्ट घालून राजा पार्कात उतरला. दोन दुकानांपुढे मापं घेतली आणि बातमी पुढे पळाली की नगरपालिकेचा माणूस आलाय. तासाभरात अख्ख्या रस्त्यावरच्या दुकानदारांनी स्टँड, पुतळे, टोपल्या, कढया, सगळं आत ओढलं. आमचा पठ्ठ्या खुशीत मोजत गेला. संध्याकाळी तक्ता घेऊन आला तर त्यात राजा पार्कचा फुटपाथ भारतातला सर्वांत रुंद. सर चष्मा काढून हसले. मग खिडकीपाशी नेऊन त्याला खाली दाखवलं. सगळं परत जागेवर आलं होतं. मला आठवतं, मी त्याला केवढं सुनावलं होतं, की तू जाण्याने जागा बदलते हे कळत नाही का तुला. मी. तेच मी पुढे काय केलं ते आता ऐका.

मिहीर आमच्याकडे आला दोन हजार पाचच्या पावसाळ्यात. प्रताप नगरात हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटमध्ये राहणारा मराठी मुलगा, जगतपुऱ्याच्या कॉलेजात शिकणारा. त्याचे बाबा माझ्या बाबांच्याच क्षेत्रातले, विम्यात क्लेमचे अधिकारी. त्याचं मराठी म्हणजे, "ताई, मला मतलब असा विषय पाहिजे ज्याच्यात फील्ड पण आहे आणि लवकर पण होते." मला तो आवडला. आपण कुठले हे नक्की न कळणारी मुलं मला आवडतात, मीही तशीच.

त्याची मावशी पुण्यात, म्हणून दुसरं शहर पुणे. विषय पाण्याचा. नियोजित वसाहतीला लागून असलेल्या वस्तीत लोकांना पाणी भरायला रोज किती वेळ लागतो, पुण्यात किती आणि जयपुरात किती. मी त्याच्याबरोबर बसून आखणी केली. आखणी म्हणजे असं: प्रश्न लहान करत न्यायचा, कोणाला विचारायचा ते ठरवायचं, आणि आपलं उत्तर चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल हेही आधीच लिहून ठेवायचं. ही तिसरी पायरी सर नेहमी करायला लावायचे. मिहीरच्या वेळी घाई होती. मी ती गाळली.

फॉर्म मी मराठीत लिहिला. वर एक ओळ होती: 'उत्तर देणारी व्यक्ती: कुटुंबप्रमुख.' खाली प्रश्न: 'पाणी भरायला तुम्हाला रोज किती मिनिटं लागतात?' पुण्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत झालं. तिथे त्या वरच्या ओळीला कोणी भीक घातली नाही. प्रश्न ऐकून बायकाच पुढे यायच्या, नवऱ्याला गप्प करायच्या आणि रांगेची सगळी हकिगत ऐकवायच्या. मिहीर ऐकून मिनिटं लिहायचा आणि फॉर्मच्या डोक्यावर, नियमाप्रमाणे, नवऱ्याचं नाव. हे त्याने मला सांगितलं नाही कारण त्याला त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही. मी विचारलं नाही कारण फॉर्म नीट भरलेले होते.

मग जयपूर. मी त्या फॉर्मचं हिंदी केलं, शब्दाला शब्द. मिहीरने एकदा विचारलं होतं की ताई, इथे थोडं बदलू का. मी त्याला भाषण दिलं. तुलना करायची तर प्रश्न एकच पाहिजे, एका गावाला एक फूट आणि दुसऱ्या गावाला एक वीत लावून कापड मोजता येत नाही, वगैरे. सरांचीच वाक्यं, पण सर ती बोलायच्या आधी थोडं थांबायचे. मी थांबले नाही.

कच्च्या बस्तीत सकाळी दहाला मिहीर गेला. दाराबाहेर खाटेवर पुरुष. सून असो की सासू, अनोळखी मुलगा दिसला की घुंगट ओढून दाराआड. कुटुंबप्रमुख कोण, तर अर्थात खाटेवरचे. त्यांना विचारलं, पाणी भरायला तुम्हाला किती मिनिटं लागतात? त्यांनी खरं ते सांगितलं. काहीच नाही लागत. मिहीरने लिहिलं, शून्य. चाळीसेक घरं, आणि बहुतेक ठिकाणी शून्य.

आम्हाला शंका यायला हवी होती. पुण्यात दीड-दीड तास आणि इथे वाळवंटाच्या दारात शून्य? पण तक्ता फार देखणा होता हो. मिहीरने कारणही शोधून काढलं, की शेजारी नियोजित कॉलनी असल्यामुळे बस्तीला पाणी सहज मिळतं. हे वाक्य मी वाचलं. शेजारी 'छान' लिहिलं. तो शेरा असलेलं पान माझ्याकडे अजून आहे.

मार्चमध्ये पाणी देणाऱ्या एका कार्यालयातले साहेब सरांना भेटायला आले. उन्हाळ्याचे टँकर ठरवायचे होते आणि त्या भागातल्या बस्त्यांचे आकडे त्यांच्याकडे नव्हते. तुमच्या मुलांनी काही केलंय का? केलं होतं. दोन पानांचं टिपण मी तयार केलं, सरांनी वाचून सही केली. आकडे कोणी तरी वापरतंय याचा मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सगळ्यांना घेवर खायला घातला. पूर्वी मी कार्यालयांच्या दारात पत्रकं वाटायची, आत कोणी वाचत नव्हतं. आता ते जिना चढून मागायला आले होते.

टँकर कमी झाल्यावर दहाव्या दिवशी दुपारी कमलाजी आमचा जिना चढून आल्या. बरोबर दोन बायका. पन्नाशीच्या असतील, उंच, हातांची त्वचा पाण्याने पांढुरकी झालेली, कारण त्या सांगानेरच्या एका छपाईच्या कारखान्यात कापड धुवायचं काम करायच्या. मिहीरने बस्तीत ऑफिसच्या नावाची चिठ्ठी दिली होती, ती त्यांच्या हातात होती. टँकरच्या ड्रायव्हरने त्यांना सांगितलं होतं की सर्वेवाले लिहून गेले, तुम्हाला पाणी लागत नाही.

योगायोगाने मिहीर तिथेच होता, प्रबंध बांधायला द्यायच्या तयारीत. कमलाजींनी त्याला ओळखलं. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, जे लिहिलंय ते वाचून दाखव. मिहीरने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने वाचलं, इंग्रजीतलं हिंदीत करत, अडखळत. शून्य मिनिटं. शेजारच्या कॉलनीमुळे सहज उपलब्धता.

बरोबरची तरुण बाई पदराआड हसली. कमलाजी हसल्या नाहीत.

"भरता कौन है पानी, यह किसी से पूछा?"

मी म्हणाले की प्रत्येक घरी विचारलं, घरातल्या प्रमुखाला विचारलं.

"तो उनका शून्य सही है, बाईसा," त्या म्हणाल्या. "अब हमारा लिख लो।"

आणि मग त्यांनी सांगितलं, उभ्याउभ्याच. रोजचा टँकर होता तेव्हा त्याच्या रांगेत अर्धा तास जायचा आणि कमी पडलेल्या पाण्यासाठी कॉलनीत एक खेप व्हायची. आता पहाटेच निघायचं, मोठा रस्ता ओलांडून कॉलनीतल्या बगीच्याच्या नळावर जायचं. तिथला चौकीदार आठला नळ बंद करतो. तीन खेपा नाही झाल्या तर दिवस निघत नाही. कारखान्यात आठला हजर राहावं लागतं. दहा दिवसांत सहादा उशीर झाला होता, आणि मालकाने त्या सकाळीच सांगितलं होतं की आणखी एकदा झाला तर दुसरी बाई ठेवीन.

त्या गेल्या. मिहीर पहिला बोलला. "ताई, सबमिशनला नऊ दिवस आहेत. मी मतलब, मर्यादांमध्ये टाकतो ना. एक फुटनोट."

प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी 'अभ्यासाच्या मर्यादा' नावाचा भाग असतो. वेळ कमी होता, नमुना लहान होता, असं सगळं तिथे बारीक अक्षरात कबूल करून मुलं मोकळी होतात. मी त्याला विचारलं, "फुटनोटमध्ये टँकर येतो का रे?"

तो रडवेला झाला. मी वाईट बोलले, कारण चूक माझी होती आणि राग त्याच्यावर काढत होते. हे मला सरांनी त्याच संध्याकाळी सांगितलं. ते बाहेरून आले, सगळं ऐकलं आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले. मग मिहीरला म्हणाले, तुझी पदवी तुझी आहे, हवं तर असंच दे, मी अडवणार नाही. आणि मला म्हणाले, टिपण दुरुस्त करून द्यावं लागेल, पण कशाच्या आधारावर देणार? खरे आकडे कुठे आहेत?

दुसऱ्या दिवशी मिहीरचे बाबा आले. हातात स्कूटरचं हेल्मेट. आम्ही गणपतीत भेटायचो, ते आरतीला टाळ वाजवायचे, तेवढी ओळख. ते थेट माझ्यावर आले. मुलाने रात्री जेवण सोडलंय, फॉर्म भरून सह्या झाल्यात, कॉलेजला मान्य आहे, मग तुम्हाला काय अडचण? "तुमची मोर्च्यांची हौस माझ्या मुलाच्या वर्षावर नका भागवू." मी तोंड उघडणार तेवढ्यात सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि कामाचं विचारलं. कुठल्या ऑफिसात, किती वर्षं, क्लेम कसे तपासता. बाबा खुलले. आणि मग सरांनी अगदी साधेपणाने विचारलं, "साहब, क्लेम फॉर्म पर गलत आदमी के दस्तखत हों, तो पास करते हैं?"

मिहीरच्या बाबांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "लौटा देते हैं।"

हेल्मेट घेऊन ते निघाले. जाताना माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "तो येईल. पण मी हे विसरणार नाही." विसरले नाहीत. दोन गणपती माझ्याशी बोलले नाहीत.

शनिवारी पहाटे मिहीर, मी आणि एक घड्याळ, असे बस्तीत पोचलो. फॉर्म नेला नव्हता. कमलाजींनीच त्या दिवशी जाताना सांगितलं होतं की विचारायचं असेल तर चालता चालता विचारा, दारात नको. दारात सासरे असतात. रस्त्यावर, डोक्यावर घागर आणि हातात कॅन घेऊन, त्या बायका इतकं बोलल्या की मला लिहिता येईना. मिहीरने एकीचा कॅन घेतला. आधी सगळ्या त्याला हसल्या, मग त्याला घरच्यासारखं धरलं, कोणी रागावून, कोणी चिडवून. "चाल सुधार छोरा, आधा तो रास्ते को पिला दिया," असं कोणी तरी म्हणालं.

मोठा रस्ता ओलांडला, कॉलनीत शिरलो, दोन वळणं घेतली. मिहीरची चाल मंदावली. आम्ही पोचलो तो बगीचा त्याच्या सेक्टरमधला होता, नळ त्याच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून. वर बाल्कनीत त्याची आई कपडे वाळत घालत होती. मुलगा कॅन घेऊन रांगेत उभा बघून तिने विचारलं की हे काय चाललंय. तो म्हणाला, "फील्डवर्क." ती म्हणाली, "यांच्याबरोबर? अरे, या तर रोज येतात."

हा मुलगा पाण्याची रांग बघायला पुण्याला जाऊन आला होता. परतताना त्याने मला सांगितलं की त्याच्या खोलीची खिडकी त्याच बाजूला आहे, पण घागरींचा आवाज होतो म्हणून तो बंद ठेवतो. मला बोलायला जागा नव्हती.

कमलाजींच्या त्या सकाळच्या तीन खेपांना दोन तास चाळीस मिनिटं लागली. त्या दिवशी त्यांना कारखान्यात पोचायला उशीर झाला. आमच्यामुळे नव्हे, असं त्या म्हणाल्या, चौकीदाराने नळ उशिरा उघडला म्हणून. मला नक्की माहीत नाही. सोमवारी त्यांच्या जागी दुसरी बाई धुलाईला उभी होती.

आठवडाभर आम्ही चाललो. मिहीरची सबमिशनची तारीख गेली, त्याला पुढच्या तुकडीबरोबर बसावं लागलं. पुण्याचेही फॉर्म त्याने पुन्हा काढले आणि मावशीकडे जाऊन प्रत्येकावर खरं उत्तर कोणी दिलं त्या बाईचं नाव घातलं. कार्यालयाला द्यायचं दुरुस्तीचं पत्र लिहायला मी बसले आणि सवयीने सुरुवात केली ती त्यांच्यापासून, की आपण बस्तीवर अन्याय केला आहे. सरांनी ती ओळ खोडली. "सवाल आपका था। पहला वाक्य भी आपका होगा।" चार वेळा लिहिलं. शेवटी झालेलं वाक्य असं होतं: आम्ही पाण्याबद्दलचा प्रश्न पाणी न भरणाऱ्या माणसांना विचारला. इतकी वर्षं मी लोकांच्या चुका छापत आले होते, आणि या एका ओळीखाली पहिल्यांदा स्वतःच्या चुकीवर सही केली.

ते पत्र घेऊन कमलाजी, त्या दोन बायका आणि मी कार्यालयात तीनदा गेलो. टँकर रोजचा झाला तो जूनच्या मध्याला, पहिल्या ढगांच्या तोंडावर. कमलाजींचं काम परत मिळालं नाही. त्यांनी पुढे घरीच गोधड्या शिवायला घेतल्या. मी त्यांची एकदा माफी मागितली. त्या म्हणाल्या, माफीचं मी काय करू, लिहिलेलं सगळं वाचून दाखव, अर्धं ऐकलंय.

म्हणून मिहीरने नवा प्रबंध बस्तीत वाचला. दुपारी, कडुलिंबाखाली, बायकाच जास्त, पुरुष जरा लांब पण ऐकू येईल असे. तो वाचत होता, की महिला रांगेत शांतपणे उभ्या राहतात. तिथे एकदम हशा पिकला. शांत? एका म्हातारीने त्याला गेल्याच आठवड्यातलं भांडण, कोणाच्या वेण्या कोणाच्या हातात होत्या त्यासकट, ऐकवलं. मिहीरने तिथेच ती ओळ खोडून नवी लिहिली. आणखी अकरा ठिकाणी त्यांनी त्याला थांबवलं. गाईडने त्या प्रबंधात इतक्या चुका काढल्या नव्हत्या, आणि सरांनीही नाही.

त्यानंतर तीन वर्षं आमच्याकडे हा नियम राहिला. ज्यांच्याबद्दल लिहिलंय त्यांना वाचून दाखवल्याशिवाय प्रबंध खालच्या दुकानात बांधायला जायचा नाही. मुलं कुरकुरायची. मग परत यायची आणि आल्या आल्या जिन्यातूनच सांगायला लागायची, आज रिक्षावाले काय म्हणाले, आज मंडीत काय झालं. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दुपारी त्या जिन्यातल्या आहेत. गेल्या वर्षी सर मुलीकडे राहायला गेले, गुडघे जिना चढू देईनात. दगड त्यांनी मुलांमध्ये वाटले. प्रबंध एका कॉलेजने नेले आणि मी चौकशी केली तेव्हा ते गोण्यांतच होते. आता जगतपुऱ्यात तयार प्रश्नावल्या विकत मिळतात, दोन शहरांची नावं भरायची जागा मोकळी सोडलेल्या. वर छापलेलं असतं: कुटुंबप्रमुख.

तेव्हा तुम्हाला एक सांगायचं आहे, तुम्हालाच, हा अंक हातात धरलाय त्यांना. तुमच्या घरात कोणाचा तरी प्रबंध, प्रकल्प, सर्वे असेल. मुलाचा, सुनेचा, तुमचा स्वतःचा, सोनेरी अक्षरांचा, कपाटाच्या वरच्या फळीवर. या सुट्टीत तो खाली काढा. त्यातला तक्ता ज्या माणसांवर उभा आहे त्यांच्या दारात जा. जमलं तर दारात थांबू नका, ती कामाला निघतील तेव्हा बरोबर चाला. त्यांना त्यांच्याबद्दल लिहिलेलं पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. पेन बरोबर न्या. त्या माणसांनी चूक म्हटलं की वाद घालू नका, त्यांच्यासमोरच ती ओळ खोडा, आणि त्या आकड्यावरून कोणाचं काय बंद झालं असेल तर ते परत सुरू होईपर्यंत त्या कार्यालयाचा जिना चढत राहा.